साहेबांची कवळी

मुलाखत द्यावी तर ती माझ्यासारखीने! प्रशिक्षण केंद्रातल्या बाईंनी आमच्याकडून इतकी तालीम करून घेतली होती की मी झोपेतही "नमस्कार साहेब" म्हणायचे. दर शनिवारी बाई कुणालातरी खोटा साहेब करून खुर्चीत बसवायच्या. एकदा कुलूपवाला, एकदा शिंपी, एकदा तर त्यांचा नवराच! तो बिचारा आम्हालाच घाबरत होता.

गंमत सोडा, पण माझं सगळं त्या मुलाखतीवर होतं. आमचे हे बांधकामावर परांचीवरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं. धुण्याभांड्यांवर भागेना. सरकारी योजनेत रुग्णसेवा शिकायला मिळाली, पण एका माणसाला एकदाच! इस्पितळाचा खरा साहेब सोमवारी येणार होता. तो नाही म्हणाला की परत लोकांची खरकटी भांडी.

त्या शनिवारी बाई खाली गेल्या होत्या. चुरगळलेल्या शर्टातले एक वयस्कर गृहस्थ घाम पुसत आले आणि खुर्चीत बसले. मी मनात म्हटलं, बाईंनी या वेळी कुठून धरून आणलाय हा!

"काय काय येतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"सांगत कशाला बसू? झोपा खाटेवर!"

"अहो, पण मी इस्पितळाचा..."

"कळलं, कळलं! पेशंटने बोलायचं नाही!"

मैत्रिणी खिदळायला लागल्या, मला आणखीच चेव चढला. धरून आडवंच केलं त्यांना. "आ करा! कवळी आहे का?" होती! काढली आणि पाण्याच्या ग्लासात ठेवली. मग ते जे काही ओरडले त्यातलं एक अक्षर कळेल तर शपथ! मी त्यांना कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली, तोंड पुसलं.

इतक्यात बाई दारात. "अगं बाई! साहेब, आजच आलात?"

म्हणजे हा खरा साहेब! मैत्रिणी भिंतीला चिकटल्या. साहेब उठले, कवळी बसवली, चष्मा शोधला. मी नुसती हात जोडून उभी.

"घरी कुणाला वळवता?" त्यांनी विचारलं.

"आमच्या ह्यांना."

"वाटलंच. माझी पाठ जरासुद्धा दुखली नाही." मग बाईंकडे वळून म्हणाले, "यांना घेतो मी. जागा मात्र रात्रपाळीचीच आहे."

मी लगेच "हो" म्हटलं! धावतच घरी गेले, ह्यांना सगळं रंगवून सांगितलं. हे ग्लासातल्या कवळीपर्यंत हसले, मग रात्रपाळीचं ऐकून म्हणाले,

"आणि रात्री मला कोण वळवणार गं?"

"साहेबांना बोलावते की! त्यांना आता सगळं येतं!"

हे पुन्हा हसले. मीही हसले. एकच खोली आमची, म्हणून मग स्टोव्हकडे तोंड करून रडले.