बल्ब विझला की पाणी

त्या रविवारी सकाळी मंगळवार पेठेतला अख्खा बोळ नळापाशी जमला होता आणि क्रांतीनं मुद्दाम इस्त्रीची साडी नेसली होती. ज्या यंत्राचं उद्घाटन होतं, ते अर्धं तिचं होतं.

बोळातल्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे. घरटी एक माणूस राखणीला बसायचं. त्यावर तिच्या वडिलांनी, रिटायर वायरमन आण्णांनी, तोड काढली होती. क्रांती पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिनं तळहाताएवढा, स्वस्तातला एक बोर्ड आणून दिला, तेव्हा आण्णा चष्मा वरखाली करून बघतच राहिले. "एवढ्याशा पाटीत सगळं डोकं? आमच्या टायमाला कपाट लागायचं की." जोडणी त्यांनी केली, प्रोग्राम तिनं लिहिला. नळाखालच्या बादलीत पाण्याबरोबर वर येणारं बटण, म्हणजे फ्लोट, श्रीखंडाच्या डब्यात बोर्ड, आणि भिंतीवर तालमीच्या गणपतीच्या आराशीतला लाल बल्ब. पाणी आलं की बल्ब लागणार. आपापल्या कामाला मोकळं व्हायचं.

प्लग लावताच बल्ब लागला. घागरी धावल्या. हंबीरराव अर्धी दाढी तशीच ठेवून आले. ऐकायला कमी येणाऱ्या अंबूबाईसुद्धा धुणं टाकून आल्या, कारण बल्ब दिसत होता. नळ मात्र कोरडा. तरीही पहिला नंबर कुणाचा यावर दहा मिनिटं भांडण झालं. मग नळाला करंगळीएवढी धार लागली, भांडणात ती कुणाला दिसली नाही, आणि बल्ब विझला.

"गेलं," हंबीरराव म्हणाले. "चला घराकडं."

सगळ्यांनी पाठ फिरवली आणि नळाला धो धो पाणी आलं. बादली भरून वाहिली, गटार वाहिलं. हंबीररावांची म्हैस दावं ताणून तेवढी पोटभर प्याली, बादली रिकामी केली. लोक परत आले तोवर नळ आटला होता आणि बल्ब पुन्हा दिमाखात पेटला होता.

"म्हशीला कळलं, आण्णा. तुमच्या डब्याला कळंना," हंबीरराव म्हणाले.

सगळे हसले. क्रांतीला ते हसणं लागलं. तिनं चारचौघांत निर्वाळा दिला, "आण्णांनी तारा उलट्या जोडल्यात."

"दोन तारंचं बटन हाय ते," आण्णा हळू म्हणाले. "उलटं काय, सुलटं काय."

"आण्णा, मी आठ वर्षं हेच शिकवतेय."

आण्णांनी तिच्याकडं बघितलं. "व्हय की," म्हणाले आणि डबा उतरवला.

दुपारभर ओसरीवर बसून त्यांनी तारांचा एकेक टाका सोडवला, पुन्हा लावला. क्रांती खुर्चीत जाड पुस्तक घेऊन देखरेख करत होती. वाचत काही नव्हती, पण पुस्तक जाड होतं. संध्याकाळी आण्णांनी डबा पुन्हा भिंतीवर चढवला. बल्ब तसाच उलटा.

मग तिनं प्रोग्राम उघडला, चूक आपली नाही याची खात्री करायला. फ्लोट वर आला की बोर्डाला शून्य मिळतं. म्हणजे शून्य आलं की पाणी आलं. तिनं नेमकं उलट लिहिलं होतं. याच चुकीसाठी ती दरवर्षी पोरांचे मार्क कापायची.

सकाळी चहाच्या वेळी सांगू, असं तिनं ठरवलं. सकाळी आण्णा उठलेच नाहीत.

जलदानविधी झाला. आण्णांच्या हातचं फिटिंग तीस वर्षांत कधी बिघडलं नाही, असं भेटायला येणारा प्रत्येक जण सांगे आणि ती मान खाली घालून चहा पुढं करत राही. शेवटी एका दुपारी बोळ सामसूम बघून ती कॉम्प्युटरची पिशवी घेऊन नळापाशी गेली. गुपचूप प्रोग्राम सुलटा करायचा आणि परत यायचं.

"हात लावू नगंस," मागून अंबूबाई म्हणाल्या. "बल्ब इझला की पाणी. आता समद्यांस्नी सवय झालीया."

"पण ते उलटं आहे, मावशी."

"म्हाईत हाय की. आण्णांनी त्या सांजंलाच सांगून ठेवलंय. म्हणलं, पोरीचा प्रोग्राम उलटा झालाय, पर तिला कुणी बोलू नगा. कालेजात शिकवती."

क्रांतीनं पिशवी खाली ठेवली. तिनं मोठ्यानं विचारलं, "मग दुपारभर तारा कशाला सोडवत बसले?"

"तू खुर्चीवर बसून बघत हुतीस न्हवं."

एवढ्यात नळ खुळखुळला, बादलीत धार पडली आणि बल्ब विझला. दारं उघडली, घागरी आल्या, हंबीररावही आले. धार मोठी झाली. क्रांती भिंतीवरच्या डब्याकडं बघत काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणलीस?" अंबूबाईंनी कानामागं हात धरला. "मोठ्यानं बोल की."

सगळा बोळ बघायला लागला. क्रांतीनं वर्गातला आवाज काढला.

"आण्णा, तुमच्या तारा बरोबर होत्या. चुकले ती मी."