मातीचा चांगला नमुना

एका जंगलात, मुलांनो, प्रत्येकाच्या घराखालची माती वेगळी होती. दाखला मात्र सगळ्यांकडे एकाच मातीचा होता. हे कसं जमलं ते सांगतो. मांडी घालून बसा. बसण्याआधी खालची जमीन हलत नाही ना, एवढं बघून घ्या.

तिथं साळूबाई नावाचं एक साळिंदर राहायचं. घर एका खोलीचं, पण भक्कम. पावसाळ्यात तिची लेक बाळंतपणाला माहेरी येणार होती. म्हणून साळूबाईला घराला लागून आणखी एक खोली काढायची होती.

शेजारी खवलेतात्या होते. तात्या म्हणजे खवल्या मांजर, सारा जन्म जमीन उकरण्यात गेलेलं. त्यांनी घरामागे खड्डा घेतला. ओंजळभर काळी माती काढून तिला पाणी लावलं आणि तळव्यावर वळून पाहिली. तिची लांब शेवई झाली, तुटेना.

"ही पावसात फुगणार, उन्हात भेगाळणार," तात्या म्हणाले. "तुझं जुनं घर मुरमावर आहे, ते जागचं हलायचं नाही. नवी खोली हलेल. मधला सांधा सुटेल."

"म्हणजे खोली काढूच नको?"

"काढ की. साडेतीन हातांवर इथंही मुरूम लागतोय. पाया तिथपर्यंत ने. दोघांनी खणलं तर आठ दिवसांचं काम."

"मग उद्याच लागू."

"आधी दाखला आण. दाखला नसला तर कचेरी खोली पाडते."

"आणि दाखला असून खोली पडली तर?"

"ते कचेरीला चालतं."

माती परीक्षण कचेरी टेकडीच्या पायथ्याशी होती. तिथले साहेब म्हणजे बगळेसाहेब. नोकरी मातीची, पण अंगाला माती लागू नये म्हणून ते एकाच पायावर उभे राहत. तेवढ्यावर त्यांना दोन बढत्या मिळाल्या होत्या.

साळूबाईनं पानात बांधून आणलेली माती पुढे ठेवली.

"हा काय नमुना आहे?" साहेब म्हणाले. "बाई, फोटो काढायला जाताना तोंड धुऊन जाता ना? मग माती अशी कशी आणलीत? चांगला नमुना आणा."

"साहेब, खोली ह्याच मातीवर उभी राहणार आहे."

"खोलीचं कोण बोलतंय? आपण नमुन्याचं बोलतोय."

साहेबांनी चोचीनं टेकडी दाखवली. तिथं लालसर, कडक मुरूम उघडा पडला होता. ससे, मुंगसं, रानडुकरं हातात पानं घेऊन रांगेत उभी होती. प्रत्येक जण एक ओंजळ खरवडून घेई आणि वळून कचेरीत जाई. लेकीचे दिवस भरत आले होते. साळूबाईही रांगेत उभी राहिली.

दाखला तासाभरात मिळाला. 'माती उत्तम. पाया एक हात पुरे.'

"लिहू देत. आपण साडेतीन हात खणू," तात्या म्हणाले.

"खालची बारीक अक्षरं वाचा, तात्या."

एका हाताहून जास्त खणल्यास बेकायदा उत्खनन समजून बांधकाम पाडण्यात येईल, असं तिथं लिहिलं होतं.

तात्यांनी दाखला दोनदा वाचून परत दिला. मग म्हणाले, "मातीला वाचता येत नाही, साळूबाई."

"मला येतं," साळूबाई म्हणाली. "तेच वाईट झालं."

पाया एक हात झाला. खोली झाली. लेक आली, दोन पिल्लं झाली. तीन आठवडे पाऊस पडला. एका दुपारी लेक पिल्लांना तेल लावायला जुन्या खोलीत घेऊन गेली, आणि मागे सांधा सुटला. नवी भिंत खाली बसली. तिच्याखाली पाळणा सापडला. रिकामा होता.

जंगलाच्या वर्तमानपत्रात आलं, 'सुदैवाने जीवितहानी नाही.' सुदैव हा शब्द नीट लक्षात ठेवा, मुलांनो. कचेरीचं काम जिथं संपतं तिथं तो लागतो.

बगळेसाहेब चौकशीला आले. एका दगडावर, एका पायावर उभे राहिले. दाखला वाचला, खाली पाहिलं.

"दाखल्यात मुरूम आहे. इथं काळी माती आहे. बाई, तुम्ही माती बदललीत."

"सोळा पिढ्यांपासून हीच माती आहे, साहेब."

"म्हणजे सोळा पिढ्यांपासून नियमभंग चालू आहे."

हुकूम निघाला. पंधरा दिवसांत इथली माती काढून टाकावी आणि दाखल्याप्रमाणे टेकडीवरचा मुरूम आणून भरावा.

साळूबाई आणि तात्या टोपली घेऊन गेले, तर टेकडी नव्हती. ओंजळ ओंजळ करून ती सगळी दाखल्यांत गेली होती. उरलेल्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. मधोमध साहेब उभे होते, चोचीत मासा होता.

"मुरूम संपला, साहेब," तात्या म्हणाले. "आता दाखले कसे देणार?"

साहेबांनी आधी मासा गिळला. "बरणीत थोडा ठेवलाय," ते म्हणाले. "दाखल्यांना तेवढा पुरतो."

साळूबाई घरी आली आणि तिनं खणायला घेतलं. एक हात झाला, दोन झाले, तरी ती थांबेना.

"दाखल्याचं काय करायचं?" तात्यांनी विचारलं.

"पिल्लांखाली घातलाय. ओला झालाय."

तात्या खड्ड्यात उतरले. साडेतीन हातांवर मुरूम लागला. ती खोली अजून उभी आहे. बेकायदा आहे.

तात्पर्य : घर बांधण्याआधी मातीला लिहायला-वाचायला शिकवावे. तेवढा वेळ नसेल, तर कचेरीच्या बरणीत राहायला जावे.