मी रेडिओ बंद केला

बायकोला खूश कसं ठेवायचं हे फक्त मला कळतं, असं मी आमच्या बेटावरच्या क्वात्र बॉर्न गावच्या बस थांब्यावर छाती काढून सांगत असे. आगगाडी बंद होऊन दोनेक वर्षं झाली होती. आम्ही सरकारी कारकून बसने राजधानीला, पोर्ट लुईला, जायचो, आणि बसमध्ये दुसऱ्याच्या संसारात लक्ष घालण्यापलीकडे दुसरं काम नसायचं.

त्याच दिवसांत आमच्या कचेरीतल्या सीतारामची बायको पुष्पा माहेरी, तेर रूजला, निघून गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवणाच्या सुट्टीत सीताराम कोरडा पाव आणि मिरची चावत बसला होता. तो मला म्हणाला, "कृष्णदेव, जायच्या आधी आठवडाभर तिने मला आवडतं ते सगळं रांधून घातलं. मी आपला खात होतो. मग एक दिवस घरी आलो तर चूल थंड. शेजारणीजवळ निरोप ठेवून गेली, की ह्यांनी माझ्याकडे कधी मान वर करून बघितलंच नाही."

माझ्या बायकोकडे, वत्सलाकडे, मी मान वर करून शेवटचं कधी बघितलं होतं? तिच्या कपाळावर तीळ आहे तो डाव्या बाजूला की उजव्या, हे मला बसमध्ये काही केल्या आठवेना. घरी जाऊन नीट बघितलं. तीळ नव्हताच. तो आमच्या आईच्या कपाळावर होता.

मी चांगलाच घाबरलो. आजपासून बायकोकडे लक्ष द्यायचं असं ठरवलं, आणि त्याच संध्याकाळी सुरुवात केली. वत्सला दारात उभी राहून शेजारच्या कोंबडीने आमच्या वांग्यांच्या वाफ्यात काय धुमाकूळ घातला ते सांगत होती. रेडिओवर बातम्या चालू होत्या. मी उठलो आणि रेडिओ बंद केला.

वत्सला बोलायची थांबली. रेडिओ बिघडला का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही, तू बोल. मी ऐकतोय." तिने कोंबडीची गोष्ट एका वाक्यात संपवली आणि आत गेली. मधूनमधून दाराआडून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्यावरच्या नळावरून तिच्या बादल्या उचलून आणल्या. नळावरच्या बायका अशा गप्प झाल्या, जशी प्रेतयात्रा जाताना माणसं होतात. जेवताना मी वत्सलाला विचारलं, तू दमलीस का. तिच्या हातातला डाव डाळीच्या पातेल्यात बुडाला. मग तिचा हात पोळलेला दिसला, म्हणून पुढच्या दिवशी कचेरीतून लवकर निघून मी दवाखान्यात मलम आणायला गेलो. मलम संपलं होतं. रिकाम्या हाताने आलो, तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

पण मला दवाखान्यातून बाहेर पडताना आमच्या शेजारणीने, चंद्रावतीने, बघितलं होतं. चंद्रावतीच्या डोळ्यांना दिसलेली गोष्ट बसच्या आधी गल्लीत पोचते. नंतर कळलं की तिने वत्सलाला बाजूला घेऊन सांगितलं, "माझे मामा असेच होते. जन्मभर वसावसा ओरडले आणि एकाएकी गोड बोलायला लागले. आम्ही म्हटलं, देवाने बुद्धी दिली. महिना नाही काढला त्यांनी."

हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं, की वत्सलाचे डोळे लाल होते आणि ताटात डाळपुरी होती. दुसऱ्या दिवशी खीर. तिसऱ्या दिवशी कोलंबीचं कालवण, तेही मधल्या वारी. ती स्वतः जेवत नव्हती, मी खातो ते बघत बसायची. सीतारामच्या बायकोने अगदी हेच केलं होतं.

म्हणजे माझं लक्ष कमी पडतंय! मी नेट वाढवला. तिच्या केसांना तेल लावून देऊ का विचारलं, तर तिने पदर तोंडाला लावला. तिचे पाय चेपायला बसलो, तर ती हुंदके देऊन रडायला लागली आणि म्हणाली, "तुम्ही नका हो काही करू. तुम्ही नुसते बसा." मी जितका जवळ जायचो तितकी ती रडायची, आणि ती जितकी रडायची तितका मी घाबरून आणखी गोड व्हायचो. आमचं घर म्हणजे उतारावर सुटलेली उसाची गाडी झालं होतं, आणि आम्ही दोघंही मागून ढकलत होतो.

रविवारी दुपारी माझा डोळा लागला होता. जाग आली ती छातीवर काहीतरी जड लागलं म्हणून. बघतो तर वत्सला माझ्या छातीला कान लावून, श्वास रोखून बसलेली. मी डोळे तसेच मिटून घेतले. ती हळूच उठली, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि कपडे भरू लागली. मी गाढ झोपलोय का ते तिने तपासलं होतं, हे मला स्वच्छ कळलं. उठून हात धरावा म्हणून मी पलंगावरून पाय खाली सोडले.

तेवढ्यात दारात लॉरी थांबली. वत्सलाचा थोरला भाऊ तुलसीराम लाँग माउंटनहून आला होता. तिथे त्यांचा ऊस आहे. दंड असे, की माझ्यासारखे दोन कारकून काखोटीला मारील. बरोबर त्याची बायको बसंती होती. दोघं आत आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. तुलसीराम माझ्याकडे बघेना. वत्सला पेटी घेऊन बाहेर आली.

"पाव्हणं, आम्ही न्यायला आलोय," तुलसीराम खालच्या आवाजात म्हणाला. "गाडी आणलीय. उगाच लांबवू नका."

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. म्हणालो, मी जाऊ देणार नाही. माझं चुकलं असेल तर मला सांगा, पण घर मोडू नका.

"चूक कोणाचीच नसते," तुलसीराम म्हणाला. त्या एवढ्या धिप्पाड माणसाचे डोळे भरले. "पण वेळ घालवला की माणूस हाती लागत नाही."

"मग मलाच घेऊन चला," मी ओरडलो. "तिच्याशिवाय मी इथे काय करू?"

"अहो, तुम्हालाच तर न्यायचंय," तुलसीराम म्हणाला.

मी खाली बघितलं. पेटीचं झाकण नीट लागलं नव्हतं. फटीतून माझा पायजमा बाहेर लोंबत होता.

वत्सला खाली बसली. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचे हात बर्फासारखे गार होते. "डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?" तिने विचारलं. "मला खरं सांगा. मी रडणार नाही." आणि रडली.

मग सगळं बाहेर आलं. मलम, सीतारामची बायको, चंद्रावतीचे मामा, आणि मला मोठ्या इस्पितळात न्यायला वत्सलाने भावाला धाडलेला निरोप. मी धडधाकट आहे हे तुलसीरामला पटवायला मला त्याच्या लॉरीपर्यंत पळत जाऊन यावं लागलं. वत्सला हसली नाही. ती म्हणाली, "इतके दिवस मी एकटी भीत होते. तुम्ही एकटे भीत होता. एकाने तोंड उघडलं असतं तर?" तिने पदराने माझ्या कपाळावरचा घाम पुसला. मी मान वर करून तिच्याकडे बघितलं, आणि या वेळी ती घाबरली नाही.

इथे खरं म्हणजे सगळं संपायला हवं होतं. तुलसीराम लॉरीची किल्ली घेऊन उठला आणि बायकोला चल म्हणाला. बसंती उठली नाही. तिने मला विचारलं, की रेडिओ बंद करून ऐकलंत, पाणी आणलंत, पायही चेपलेत, हे सगळं खरं का. मी हो म्हटलं.

"मग मी इथेच राहते," बसंती म्हणाली. "ह्यांना काही सुचेपर्यंत."

तुलसीराम हसला. मग हसायचा थांबला. मग एकटाच लॉरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तर तो पायरीवर, दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला. बसंतीबद्दल एक शब्द विचारला नाही. मला कोपऱ्यात ओढून त्याने कानात विचारलं, की चहात आधी साखर घालायची की दूध. मी सांगितलं. तुलसीरामने चूल पेटवली, बोट भाजून घेतलं, आणि दोन्ही हातांनी कप बसंतीपुढे नेऊन ठेवला. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे.

बसंतीने चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला. पदराने ओठ टिपले.

"बरा झालाय," ती म्हणाली. "अजून आठवडाभर राहीन म्हणते."