ह्यां आधी काय होतां?

तोंडवलीच्या गुरुदासाला देवाने दोन गोष्टी सढळ हाताने दिल्या होत्या. एक खणखणीत आवाज आणि दुसरी नसती चौकशी. आवाज गावाच्या कामाला येई, कारण घराणं मानकऱ्याचं, देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. चौकशी मात्र आजवर कुणाच्या कामाला आलेली नव्हती.

बाजारात गेला की हा गडी नव्या भांड्यांच्या दुकानाकडे ढुंकूनही बघत नसे. त्याचे पाय थांबत ते जुन्याचं नवं करून विकणाऱ्यांपाशी. फाटक्या शिडाच्या पिशव्या, फुटक्या होडीच्या फळीचे पाट, आमटी वाढायच्या करवंटीच्या डवल्या, टायरच्या वहाणा. वस्तू हातात घ्यायची, उलटी करायची, नखाने खरवडायची, हुंगायची आणि विचारायचं, "ह्यां आधी काय होतां?" विकणाऱ्याने तोंड उघडायच्या आत उत्तरही याचंच तयार.

"ही पिशवी मचव्याच्या शिडाची. बघ, ह्या कोपऱ्यार दोरी घासलेली आसा."

विकणारा मान डोलवी. न डोलवून करतो काय, गिऱ्हाईक होतं.

"डोळे बांधून माझ्या हातात कायव देवा," गुरुदास चारचौघांत सांगे, "तेचो मागचो जन्म सांगतंय."

त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे एकसष्ट साली, पौष सरता सरता त्याला बाजारात सत्यवान सापडला. जुन्या डब्यांचा पत्रा कापून, डाग देऊन तो चाळणी, किसणी, दिवा, वाटेल ते करायचा. वर आणखी सोय अशी की जुने डबे आणून द्या आणि नवी वस्तू घेऊन जा. गुरुदासाच्या अंगात वारं शिरलं. घरी आला, माळ्यावर चढला. वर अंधार गुडुप. हाताला जे जे पत्र्याचं लागलं ते ते त्याने गोणत्यात कोंबलं आणि पुढच्या बाजारी सत्यवानापुढे रिकामंही न करता ठेवलं. बदल्यात उंदराचा पिंजरा मिळाला.

"फुकट मिळालो," तो घरी बायकोला म्हणाला.

रुक्मिणीने पिंजरा बघितला, नवरा बघितला आणि भाकरी थापायला बसली. त्याच्या फुकटच्या वस्तूंची तिला सवय होती.

पंधरा दिवसांनी ती कुळथाचं पीठ भरायला डबा काढायला माळ्यावर चढली आणि वरूनच ओरडली, "माझो पोपटांचो डबो खंय गेलो?"

हा डबा म्हणजे साधा डबा नव्हे. रुक्मिणीचा एकुलता एक भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने पहिल्या सफरीवरून एडनहून आणलेला तो बिस्किटांचा डबा, त्यावर दोन हिरवे पोपट. बिस्किटं संपून बारा वर्षं झाली होती. दरसाल ती त्यात आमसुलं भरी आणि संपली की धुऊन माळ्यावर उपडा ठेवी. भाऊ पुढे तापाने गेला. डबा राहिला होता, तोही आता नाहीसा.

रुक्मिणी माळ्यावरून उतरली ती डोळे पुशीतच. आणि मग तिला आठवली पार्वती.

पार्वती रोज दारावर मासे घेऊन येई. तो डबा तिला भारी आवडायचा. "वैनी, ह्यो माका द्या, पैसे ठेवूक बरो," असं ती तीनदा म्हणाली होती. हसत म्हणाली होती, पण डबा गेल्यावर हसणं कोण लक्षात ठेवतं? रुक्मिणी शेजारणीला बोलली, शेजारीण विहिरीवर बोलली आणि दुसऱ्या दिवशी पार्वतीची पाटी सात घरांपुढून तशीच भरलेली परत गेली.

तिसऱ्या दिवशी ती गुरुदासाच्या अंगणात येऊन उभी राहिली. पाटी खाली ठेवली नाही.

"भाऊनू, माझ्या आवशीन ह्या वाडीत मासे इकले, मी इकतंय. आमच्या हाताक माशाचो वास येता, चोरीचो नाय. आता तुमीच देवाक सांगा. घाला गाऱ्हाणा."

तिचा आवाज शेवटी फाटला. रुक्मिणीने दाराआडून ऐकलं आणि ती उंबऱ्यापर्यंत आली. पण शब्द गेला होता, तो परत कसा घ्यायचा?

अंधारात भरलेलं गोणतं गुरुदासाच्या ध्यानातही नव्हतं. त्याला पार्वतीची कणव आली, आणि खोटं कशाला बोला, तीन दिवस घरात मासा शिजला नव्हता याचंही वाईट वाटत होतं. शिवाय गाऱ्हाणं म्हटल्यावर त्याचा गळा आपोआप साफ होई. संध्याकाळी सगळी वाडी देवळात जमली. देवापुढे नारळ ठेवला. गुरुदासाने हात जोडून आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरातसून पोपटांचो डबो गेलो हा, तेची वाट तुका ठावक. व्हय म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!" वाडी एका सुरात म्हणाली.

"जेणा कोणी तो घराभायर काढल्यान, तेच्याच हातान तो डबो आठव्या दिसाक, सगळ्या वाडीच्या डोळ्यांदेखत हय घेवन ये. व्हय म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायचं. पण रंगलेला गुरुदास थांबणार होता थोडाच? "आणि पार्वतीवरचो आळ खोटो ठरलो, तर त्या चोरान एक म्हयनो तिची माशांची पाटी आपल्या डोक्यार घेवन घरोघर फिराचा! व्हय म्हाराजा?"

एवढा मोठा 'व्हय म्हाराजा' त्या देवळात पूर्वी कधी झाला नव्हता.

सहाव्या दिवशी महाशिवरात्र. कुणकेश्वरच्या जत्रेला होडी निघाली तसा गुरुदास आधी चढून बसला. देवदर्शन घाईत झालं आणि मग स्वारी दुकानांत शिरली ती दोन दिवस बाहेर पडली नाही. लाकडी खेळणी बघ, लुगड्यांच्या गोधड्या उलट्या कर, वेताच्या टोपलीत डोकं घाल. असा फिरत फिरत तो एका दुकानापुढे आला, तर सत्यवान बसलेला.

"काय भाऊनू, पिंजऱ्यात उंदीर गावलो?"

"वाट बघतंय," गुरुदास म्हणाला, पण लक्ष होतं एका दिव्यावर. भिंतीला टांगायचा, मागे उजेड फेकायला लख्ख पत्रा, आणि खाली काडेपेटी नि वाती ठेवायला घट्ट झाकणाचा चौकोनी कप्पा. त्याने दिवा उचलला, उलटा केला, हुंगला.

"ह्यां आधी काय होतां?"

सत्यवान हसला. "कमाल करतास भाऊनू. ह्यो तर तुमच्याच—"

"गप! सांगू नको." गुरुदासाने हात वर केला. "माका वळखूचो आसा. तू सांगलस तर मजा काय रवली?"

सत्यवान गप्प राहिला. गिऱ्हाईक होतं.

आठव्या दिवशी उतरत्या उन्हात होडी किनाऱ्याला लागली. वाडी देवळात जमलेलीच होती, चोर येतो की नाही ते बघायला. पार्वती खांबाला टेकून बसली होती, तिच्या पलीकडे रुक्मिणी. गावचे म्हातारे आबा सगळ्यांत पुढे. चोराचा पत्ता नव्हता. गुरुदास होडीतून थेट तिथेच आला, काखेत दिवा.

"चोर इलो नाय?" त्याने विचारलं.

"अजून तरी नाय," आबा म्हणाले. "हातात काय तां?"

झालं. एवढी माणसं आयती जमलेली आणि वर कुणीतरी विचारलेलं. गुरुदासाने दिवा सगळ्यांना दिसेल असा धरला.

"होडीत बसून सगळां शोधून काढलंय. आयका. पत्रो जाड, म्हणजे हयचो न्हय, परदेशी. हे काळे ठिपके बघा. आंबटान पत्रो खाल्लो हा. हुंगा, आमसुलां! म्हणजे डबो परदेशी, घर कोकणातला. त्या घरातलो कोणीतरी बोटीवर होतो, तेणा हाडल्यान."

देवळात कुजबूज थांबली. गुरुदासाला वाटलं, आपली छाप पडली.

"आणि अशी वस्तू कोणी मोडीत घालता? जेणा घातल्यान तो एक नंबरचो येडो."

रुक्मिणी उठली. शांतपणे पुढे आली, त्याच्या हातातून दिवा घेतला आणि खालच्या कप्प्याचं झाकण ओढून काढलं. सत्यवानाने रंग आत जावा म्हणून पत्रा उलटा वळवला होता. आत, अंग चोरून, दोन हिरवे पोपट बसले होते.

मागची माणसं टाचा उंचावून बघू लागली.

"ओ," रुक्मिणीने विचारलं, "तो उंदरांचो पिंजरो खंयसून हाडलास?"

गुरुदासाने छपराकडे पाहिलं, मग देवाकडे पाहिलं. दोन्हीकडून मदत मिळेना.

"सत्यवानाकडसून," तो म्हणाला. त्याचा खणखणीत आवाज पहिल्या रांगेच्या पुढे गेला नाही.

रुक्मिणी वळली ती सरळ पार्वतीकडे गेली आणि तिचे दोन्ही हात धरले. "माका माफ कर गो बाय. माझी जीभ जळली ती." दोघीही रडल्या, आणि मग दिव्यातल्या पोपटांकडे बघून दोघीही हसल्या.

हे बघून गुरुदास हळूच चपलांकडे सरकत होता, तेवढ्यात आबा खाकरले.

"गुरुदासा, डबो आठव्या दिसाक इलो. जेणा काढल्यान तेच्याच हातान इलो. सगळ्यांच्या देखत इलो. देवान आपला काम केल्यान. आता तुझा."

"आबानू, ता आपला बोलाच्या भरात..."

"गाऱ्हाण्यातलो शब्द मागे घेवक येत नाय. व्हय म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली, आणि पार्वतीचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.

तेव्हापासून महिनाभर मानकऱ्याच्या डोक्यावर बांगड्यांची पाटी आणि पुढे हात हलवत पार्वती, अशी वरात निघे. सातही घरांनी मासे घेतले, जरुरीपेक्षा जास्तच घेतले. गुरुदासाच्या घरीही रोज कालवण शिजू लागलं, पण दिवसभर पाटीतलं पाणी कानात निथळलेल्या माणसाला त्याची चव काय लागणार?

एकदा दोघं बाजारापर्यंत गेली. तिथे शेजारच्या गावची हौसाबाई मासे विकत बसली होती. तिने पाटी उतरवणाऱ्या गुरुदासाकडे निरखून पाहिलं, चांगलं धोतर, कानात भिकबाळी, खांद्यावर ओघळलेलं मिठाचं पाणी. तिला राहवेना.

"पार्वती, ह्यो कोण गो? आधी काय होतो?"

पार्वतीने बांगडे मांडता मांडता वर न बघताच सांगितलं, "आधी मानकरी होतो. डबे देवन पिंजरो घेतल्यान, आता पाटी उचलूक कामाक येता."