नाही म्हणण्याचा सराव

"मी काकूला चौथ्या पुरणपोळीला नाही बोललो, मॅडम," सिद्धेशने उभं राहून जाहीर केलं.

"छान! मग?"

"तिने वाढली."

"आणि तू?"

"खाल्ली. टाकणार कशी?"

पायलची प्रगती याहून थोडी बरी होती. मैत्रिणीला जर्नल द्यायला तिने स्वच्छ नकार दिला होता. मैत्रीण "बरं" म्हणून निघून गेली. मग पायलला इतकं वाईट वाटलं, की तिने स्वतःच मैत्रिणीच्या जर्नलमध्ये आकृत्या काढून दिल्या.

कोपरीतल्या त्या हायस्कूलमध्ये यंदा मुलांसाठी आधारगट सुरू झाले होते. परीक्षेची भीती वाटणाऱ्यांचा एक, शाळेत नव्याने आलेल्यांचा एक. ज्यांना कुणालाच नाही म्हणता येत नाही, त्यांचा गट विज्ञान शिकवणाऱ्या मेघना मॅडमकडे होता. मुख्याध्यापक भोईर सरांनी "घ्याल ना?" असं विचारलं, तेव्हा तिला नाही म्हणता आलं नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या फळ्यावर तिने प्रयोगाच्या कृतीसारखे तीन नियम लिहिले होते. नाही हा शब्द पहिल्याच वाक्यात यावा. कारण एकच द्यावं. नंतर गप्प बसावं.

"गप्प बसणंच जमत नाही ना, मॅडम," प्रेम म्हणाला. "समोरचा बघत बसतो आपल्याकडे. मग तोंडातून निघूनच जातं, ठीक आहे म्हणून."

सोमवारी भोईर सरांनी मेघनाला केबिनमध्ये बोलावलं.

"शनिवारी सकाळी पालकांना तुमच्या गटाचं छोटंसं प्रात्यक्षिक दाखवू. चालेल ना?"

शनिवारी सकाळी मेघनाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आई, कांताबाई, कल्याणला चाळीत एकट्या राहायच्या. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती, एकदा सर्दीमुळे आणि एकदा शेजारच्या साखरपुड्यामुळे. मागच्या आठवड्यात जिन्याची शेवटची पायरी न दिसल्याने त्या पडता पडता वाचल्या होत्या. मेघनाला शनिवारी कल्याणला असणं भागच होतं.

तिने नियम आठवले. नेमका तिसराच आठवला. ती गप्प बसली.

"म्हणजे ठरलं," सर म्हणाले.

मंगळवारी कळलं, की पालक येणार म्हणून संस्थेचे अध्यक्षही येणार आहेत. बुधवारी अध्यक्षांनी सुचवलं, की शाळेत कशाला, समाजात जाऊ. भाजी मार्केटमध्ये 'तंबाखूला नाही म्हणा' असं पथनाट्य होऊ दे. गुरुवारी सरांना चिंता पडली, की पथनाट्याला गर्दी नसेल तर अध्यक्षांना काय वाटेल? म्हणून माजिवड्याच्या दोन शाळांना निमंत्रण गेलं. दरवेळी सर विचारत, "चालेल ना?" आणि दरवेळी मेघना मान हलवायची. आईचा फोन आला, की ती घाईघाईने सांगायची, "अगं, शाळेत शनिवारचा मोठा गोंधळ आहे. पण मी येणार. नक्की येणार." कशी येणार, हे तिलाही माहीत नव्हतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिने गटाला एकत्र बसवलं.

"उद्या दहाला भाजी मार्केटमध्ये आपलं पथनाट्य आहे," ती मुलांच्या डोक्यावरून मागच्या कपाटाकडे बघत म्हणाली.

पायल उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"नाही, मॅडम. मी करणार नाही. तिथे सगळे भाजीवाले मला ओळखतात."

आणि ती गप्प राहिली.

"मी पण नाही," सिद्धेश म्हणाला. प्रेमने नुसती मान हलवली, पण ती आडवी होती.

"शाबास," मेघना म्हणाली. "अगदी बरोबर. पण... उद्या काय करायचं?"

तिघंही शांतपणे तिच्याकडे बघत बसली.

भोईर सरांच्या केबिनपर्यंत ती भिंतीच्या कडेकडेने गेली.

"सर, मुलं नाही म्हणाली."

"आपली मुलं?" सर खुर्चीतून उठलेच. "ती पायलसुद्धा? अहो, मग पथनाट्य हवंय कशाला! अध्यक्ष विचारतील आणि मुलं त्यांना तोंडावर नाही म्हणतील. याहून मोठं प्रात्यक्षिक काय?"

"सर, पण ती येणारच नाहीत."

"मग तुम्ही या. मुलं कशी नाही म्हणाली, ते तुम्ही भाषणात सांगा. चालेल ना?"

तिच्या पर्समधला फोन थरथरायला लागला. आईचाच असणार.

"नाही, सर," मेघना म्हणाली. "उद्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

आणि ती गप्प बसली. सर बघत होते. पंखा कुरकुरत होता. तोंडातून 'पण दुपारी येऊ शकेन' निघू नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?" सर दुखावल्या स्वरात म्हणाले. "मी कधी जबरदस्ती केलीय का तुमच्यावर? दरवेळी विचारलंय, चालेल ना म्हणून!"

हे अक्षरशः खरं होतं.

कार्यक्रम पुढे ढकलला गेला. मेघना व्हरांड्यात आली आणि तिने आईला फोन लावला.

"आई, उद्या मी मोकळी आहे! सात वाजता पोचते."

"अगं, मी आत्ताच डॉक्टरला फोन करून सांगितलं. मुलीचा शाळेत मोठा कार्यक्रम आहे, पुढची तारीख द्या म्हणून."

"का?"

"भीती वाटते गं मला. डोळ्यात ते सुरी घालणार. पण तू एवढी धावपळ केलीस, तुला नाही कसं म्हणायचं? तुझ्या कार्यक्रमाचं ऐकलं आणि जिवाला जरा बरं वाटलं बघ."

मेघनाने व्हरांड्याचा कठडा धरला.

"नाही, आई. उद्याच. डॉक्टरांशी मी आत्ता बोलते."

"पुढच्या महिन्यात—"

"नाही."

"शाळेत पोरांना हेच शिकवतेस का गं?" कांताबाई चिडून म्हणाल्या. मेघना काही बोलली नाही. चाळीतल्या कुणाच्या तरी कुकरची शिट्टी फोनवर ऐकू आली. गटातल्या तिघांच्या नजरा सोसल्यावर ही शांतता तिला तशी सोपी गेली.

"बरं," शेवटी आई पुटपुटली. "पण मग आजच मुक्कामाला ये. सकाळी मी पळून गेले तर धरायला कुणी नको?"

"येते."

"आणि येताना वडे घेऊन ये. उद्या डोळा बांधतील. आज नीट बघून खाते."