कोणीतरी पिऊन राहिलं

मेश्राम मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी फ्रिजला हात लावतात. तोही उलटा, बोटांच्या मागच्या बाजूनं, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. मग "तुमचं अर्थिंग बरोबर नाही" असं म्हणतात आणि त्यानंतर "कसे आहात?" माझ्या मुलीच्या साखरपुड्याला आल्या, तेव्हा मी त्यांची व्याह्यांशी ओळख करून देत होतो आणि यांची बोटं मिक्सरवर होती.

मॅडम सरकारी विद्युत निरीक्षक होत्या. मूळच्या भंडाऱ्याच्या. निम्मी नोकरी पुण्यात काढली, पण बोलणं तिकडचंच राहिलं. निवृत्त झाल्यावर कर्वेनगरात आमच्या समोरचा फ्लॅट घेतला. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, त्याखालच्या फळीवर टेस्टर, मल्टिमीटर आणि चष्म्याचं घर. "माणूस खोटं बोलते, करंट नाही बोलत," हे त्यांचं आवडतं वाक्य. सोसायटीच्या सभेत हिशेब मांडले जात असताना त्या ते जरा मोठ्यानं म्हणत.

तर या बाईंच्या पार्किंगमध्ये एक वॉटर स्कूटर होती. पाण्यावर पळते ती. ट्रेलरवर चढवलेली, करड्या ताडपत्रीखाली. पार्किंगच्या नियमात दुचाकी आणि चारचाकी एवढंच होतं. सेक्रेटरींनी पुष्कळ विचार करून ट्रेलरची चाकं मोजली आणि तिला दुचाकी ठरवलं. वर फलक लावला: 'येथे जलवाहन चालू करून पाहू नये. प्यायलाच पाणी पुरत नाही.'

स्कूटर त्यांच्या मुलाची, सुमेधची. इंजिनिअरची नोकरी सोडून त्यानं धरणाच्या बॅकवॉटरला पर्यटकांना फेऱ्या मारून आणायचा धंदा काढला होता. परवानग्यांच्या घोळात तो एकाच मोसमात बसला. तेव्हा मॅडम त्याला म्हणाल्या, "लोकायले गोल गोल फिरवून जिथल्या तिथं आणून सोडायचं, याला काम म्हणते का?" सुमेध कोकणात निघून गेला, स्कूटर इथंच राहिली. तो फोन करत नव्हता, याही करत नव्हत्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माझा फोन चालू असते."

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी ती विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, बटण दाबलं, काहीच नाही. बॅटरी उतरलेली. मॅडमनी चार्ज केली, थोड्याच दिवसांत पुन्हा ठार. नवी आणली, तिचंही तेच. बॅटरी काढून घरात ठेवली तर टुणटुणीत, गाडीला जोडली की मरायला लागायची. किल्ली मॅडमच्या कपाटात आणि गाडीला कुणाचा हातही लागत नव्हता.

"बॅटरी पिऊन राहिलं कोणीतरी," मॅडम म्हणाल्या.

हे आमच्या वॉचमननं, भोसल्यांनी ऐकलं आणि ते त्या कोपऱ्यात जाईनासे झाले. मला म्हणाले, "सर, तिथं डोळा हाय. लाल. दुपारचा ताडपत्रीखाली उघडतो न् मिटतो."

मी हे हसत हसत मॅडमना सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "किती वेळ उघडा असते?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मला टॉर्च धरायला नेलं. बाहेर मे महिन्याचं रणरणतं ऊन आणि खाली तळघरातल्या पार्किंगमध्ये विहिरीसारखा गारवा. कुठलीतरी मोटर घुरघुरून बंद पडली आणि मग आमच्या श्वासांशिवाय काही ऐकू येईना. मॅडमनी सीट काढली, बॅटरीची वायर सोडवून मध्ये मीटर जोडला. पडद्यावर आकडा उमटला. गाडी बंद होती, तरी करंट वाहत होता.

"आता एकेक फ्यूज काढायचा. फ्यूज म्हणजे घरातलं माणूस समजा. ज्याला बाहेर काढल्यावर पिणं थांबते, तो चोर."

पहिला काढला, आकडा तोच. दुसरा, तिसरा, तरीही तोच. शेवटी सगळे फ्यूज त्यांच्या ओंजळीत आले आणि आकडा जागचा हलला नाही.

"घरात कोणीच नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तरी पिऊन राहिलं."

तेवढ्यात आकडा एकदम उसळला. पुढच्या डिकीच्या फटीतून लाल उजेड लुकलुकला. माझ्या हातून टॉर्च पडली. उजेड विझला, आकडा खाली आला.

"टॉर्च पाडायला मी कोणाला बोलावलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "ते मी एकटीनं केलं असतं."

मग त्यांना ती वायर सापडली. केसासारखी बारीक, फ्यूजना बगल देऊन थेट बॅटरीवरून निघालेली. तिच्या मागे मागे जात त्यांनी डिकीच्या पाठीमागून काडेपेटीएवढी काळी डबी ओढून काढली. ट्रॅकर होता तो. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बसवतात तो, आत सिमकार्ड असलेला. मालकानं फोनवर गाडी कुठे आहे ते बघितलं की ही डबी जागी होते, ठिकाण कळवते आणि पुन्हा झोपते.

आम्ही बघत असतानाच ती पुन्हा लुकलुकली.

"आत्ता कुणीतरी बघितलं," मी म्हणालो. मग लक्षात आलं की ज्यानं ती बसवली त्याच्याच फोनवर ते दिसत असणार.

मॅडमच्या हातात पक्कड होती. आता वायर तोडतील असं मला वाटलं. त्यांनी पक्कड पेटीत ठेवली, डबी जिथं होती तिथं नीट बसवली आणि ट्रेलरच्या कडेवर बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे रोज बघते तो."

रविवारी सकाळी गेटवर एक पिकअप उभी होती, मागे ट्रेलर जोडलेला. "चला," मॅडम म्हणाल्या, "खडकवासल्याला जाऊन येऊ." गिऱ्हाईक तिकडे बोलावलंय का, असं मी विचारलं. त्या ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.

धरणाच्या काठी कणसांच्या गाड्यांपाशी आम्ही ट्रेलर लावला. लोक स्कूटरसोबत फोटो काढू लागले. मॅडमनी शांतपणे सीट काढून मीटर जोडला आणि तो मांडीवर घेऊन दगडावर बसल्या. आकडा उसळला आणि खाली आला. लगेच पुन्हा उसळला. मग परत, आणि परत.

"घाबरला," मॅडम म्हणाल्या.

फोन वाजला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून कानाला लावला.

"नाही, चोरी नाही झाली. मीच आणली." पलीकडून सुमेधचा चढलेला आवाज मलाही ऐकू येत होता. आई, उन्हात तिथं काय करतेस, विकलीस का, तुझ्याबरोबर कोण आहे? "विकली नाही. तू रोज बघून राहिला होता ना? म्हटलं, आज नीट बघ."

मॅडम उठून पाण्याच्या दिशेनं चार पावलं गेल्या. "त्या दिवशी मी बोलली ना," त्या म्हणाल्या, "ते तसं बोलायला नव्हतं पाहिजे."

पुढचं मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं. ड्रायव्हर येऊन परत कधी निघायचं म्हणून विचारू लागला. मी त्याला एक कणीस घेऊन दिलं आणि सावलीत बसवलं. मॅडम पाण्याकडे तोंड करून किती तरी वेळ नुसत्या ऐकत होत्या. मध्येच एकदा त्या मोठ्यानं हसल्या. इतकी वर्षं समोर राहतो, पण त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.