मिथेनवाल्या सरांचं प्रात्यक्षिक

"आज कंपनीवाले नुसते बघून जाणार नाहीत, सही करूनच जातील!" मिथेनवाल्या सरांनी आरशातल्या स्वतःला बजावलं.

बायको चपला चढवत म्हणाली, "मी निघते. दूध तापत ठेवलंय, वर आलं की गॅस बंद करा."

"अगं, पाच वर्षं मी गॅसवरच संशोधन करतोय!"

"म्हणूनच सांगतेय," असं म्हणून ती गेली.

सरांची ऐट उगाच नव्हती. मिथेन वायूपासून मिथेनॉल, म्हणजे कारखान्यांना हवं असलेलं रसायन, बनवणारी त्यांची छोटी भट्टी चालू झाली होती. पण अनुदान महिनाअखेर संपत होतं. कंपनीने पैसा दिला तर ठीक, नाहीतर प्रयोगशाळेला टाळं आणि सर जन्मभर पहिल्या वर्षाचे पेपर तपासायला मोकळे!

अकराला प्रयोगशाळेच्या फाटकाशी मोटार थांबली. सरांनी मिथेनच्या सिलिंडरची झडप उघडली, हवेचा पंप लावला, भट्टी तापत ठेवली आणि पाहुण्यांना आणायला धूम ठोकली.

पाहुणे दोन होते. कंपनीचे मोठे साहेब आणि त्यांची केमिस्ट. साहेब प्रत्येक गोष्टीवर खूश होत होते, केमिस्ट कशावरच होत नव्हती.

"आता बघा!" सरांनी मोजणी यंत्र चालू केलं. पडद्यावरची रेघ थोडी थरथरली आणि एकदम वर गेली. सरांनी पाच वर्षांत बघितली नव्हती इतकी वर!

"मिथेनॉल?" साहेब ओरडले.

"मिथेनॉल!" सर त्याहून मोठ्याने ओरडले.

"तीन वर्षांचा सगळा खर्च आमचा! पेन कुठंय?"

सर आनंदाने टाळी वाजवणार इतक्यात त्यांची नजर मिथेन मोजणाऱ्या काट्यावर गेली. काटा शून्यावर होता. मिथेन येतच नव्हता, तर मिथेनॉल आलं कुठून?

सर हळूच सरकून काट्यापुढे उभे राहिले. केमिस्ट डावीकडे आली, सर डावीकडे. ती उजवीकडे, सर उजवीकडे.

"सर, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

साहेबांचं पेन कागदाला टेकलं आणि सरांना राहवेना. खोट्यावर तीन वर्षं कशी काढायची?

"थांबा साहेब!" ते म्हणाले. "काहीतरी घोटाळा झालाय. मिथेन बंदच आहे!"

"बंद असणारच," दारातून मावशी म्हणाल्या. प्रयोगशाळेतलं काचसामान वीस वर्षं त्याच सांभाळत होत्या. "मीच बंद केला. वहिनींचा फोन आला होता, आज ह्यांचं डोकं ठिकाणावर नाही, तिथल्या गॅसवर लक्ष ठेवा म्हणून. बघते तर खोलीत माणूस नाही अन् गॅस चालू!"

"आणि हे मिथेनॉल?" केमिस्टने विचारलं.

"ते होय! पाहुणे येणार म्हणून सगळ्या नळ्या सकाळी मिथेनॉलनंच धुतल्या. कशा चकचकीत निघाल्यात बघा!"

केमिस्ट इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. तिनेच नळ्या बदलायला लावल्या, तिनेच झडप उघडली. या वेळी रेघ जेमतेम मुंगीएवढी वर आली.

"पण ही खरी आहे," केमिस्ट म्हणाली. "साहेब, एक वर्ष द्या यांना. आणि या मावशींना महिनाभर आपल्या कारखान्यात पाठवा. आपला निम्मा मिथेन उघड्या झडपांतूनच जातो!"

साहेबांनी सही केली. खाली अटही लिहिली: दर प्रयोगाआधी झडप मावशींनी तपासावी.

संध्याकाळी सर उड्या मारतच घरी पोचले. "मिळालं! वर्षभराचं मिळालं! पण मावशींना फोन कशाला केलास गं? माझ्यावर विश्वास नाही?"

बायकोने ओट्याकडे बोट दाखवलं. तिथे पालथं घातलेलं काळंठिक्कर पातेलं होतं.

"चष्मा विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले," ती म्हणाली. "तुमच्या मिथेनचं मिथेनॉल होईल तेव्हा होईल. दुधाचा कोळसा मात्र पहिल्याच प्रयोगात झालाय!"